चौदा हिरवे केक

"कारखाना बुडायला आलाय आणि चौदा केक?" तोर्केलने दारातूनच विचारलं.

"बुटांचा बर्फ झटक आधी. फरशी आत्ताच पुसलीय." सोल्वेगने मान वर केली नाही. ती केकवर बदामाचं हिरवं आवरण पसरत होती.

जावयाने बूट झटकले, फोन टेबलावर ठेवला. बाराला दहा मिनिटं कमी होती. बारापर्यंत त्याला किरुनाच्या खाणीला हो किंवा नाही कळवायचं होतं. हो म्हटलं, तर बायको यिल्वा आणि पाच वर्षांच्या तुवाला घेऊन पार उत्तरेला जायचं. नाही म्हटलं, तर इथेच, मोटारींच्या या कारखान्यात. तिथे आठ महिन्यांत कुणी धड काही सांगितलं नव्हतं.

"खाणीतली जागा पुन्हा मिळायची नाही," तो म्हणाला. "आणि इथला कारखाना बंद पडला, तर आमचं घरही कुणी घेणार नाही. नुसती कोंडी झालीय. तुला काय वाटतं? खरं सांग. गावातली प्रत्येक बातमी आधी तुझ्या बेकरीत येते."

सोल्वेगने एप्रनला हात पुसले. एक हात खिशापाशी जरासा थांबला.

"बेचाळीस वर्षं मी कारखान्याला केक देतेय. नवी गाडी आली की केक. लाखावी गाडी निघाली तेव्हा तुझ्या सासऱ्यानेच ती फाटकापर्यंत आणली. खिडकीतून टोपी हलवत होता, वेडा. त्या दिवशीही हेच हिरवे केक. वाईट दिवसांत मात्र कॉफीबरोबर साधं बिस्किट नसायचं."

"ते खरं."

"हॉटेलात चार परदेशी पाहुणे उतरलेत म्हणे."

"हो. एकेका यंत्राचे फोटो काढतात, मापं घेतात. माझं यंत्र तर दोनदा मोजलं. कारखाना विकत घ्यायचा म्हणजे बघूनच घेणार."

"आणि उद्याच्या सभेला घरी बसवलेल्यांनाही बोलावलंय ना?"

"सगळ्यांना." आठवडाभरात तो पहिल्यांदा हसला. "केकवर काय लिहायचंय?"

"उद्या सकाळी कळवणार आहेत."

खोकल्यामुळे बालवाडीत न गेलेली तुवा उंच स्टुलावर बसून बदामाचे तुकडे खात होती. याच स्टुलावर यिल्वा लहानपणी बसायची.

"मोरमोर, किरुनाला दुपारीपण अंधार असतो?" तिने आजीला विचारलं.

"हिवाळ्यात असतो."

"मग मी तुझ्याकडे कशी येणार?"

आजीने तिच्या केसांना लागलेली पिठीसाखर झटकली.

तोर्केलने फोन उचलून खाणीला लावला. "आभारी आहे," तो म्हणाला, "पण आम्ही इथेच राहतोय." फोन ठेवून त्याने मोठा श्वास सोडला. "सासूबाई, चूक झाली असेल तर सगळे तुझ्या वरच्या मजल्यावर राहायला येणार हं!"

"या की. तुझा सासरा गेल्यापासून रिकामाच आहे."

तो तुवाला खांद्यावर घेऊन निघाला. दाराची घंटी वाजली. दोघं पुलापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत सोल्वेग खिडकीशी उभी होती.

मग तिने कागदी सुरळीत चॉकलेट भरलं. खिशातून सोमवारी कारखान्याचा फोन आला तेव्हा लिहून घेतलेली चिठ्ठी काढून समोर ठेवली, आणि पहिल्या केकवर सुबक अक्षरांत तिच्यातला मजकूर उतरवला: 'इतक्या वर्षांच्या साथीबद्दल आभार. आता निरोप.'