भिंतीपलीकडची कात्री

पाइप-मेजर फिनले मॅकास्किल बॅगपाइपची पिशवी काखेत दाबून, वाजवत जेवणाच्या टेबलाभोवती चालू लागला, तेव्हा त्याचा डावा कान सुरांकडे होता आणि उजवा भिंतीकडे.

भिंत लाकडी फळ्यांची. पलीकडे पलटणीची शिवणखोली, आणि तिथे इफी गिलँडर्स. खरं तर फिनलेच्या निरोपाचं हे दुपारचं जेवण अधिकाऱ्यांच्या जेवणघरात व्हायचं होतं. पण गेल्या शुक्रवारच्या वाऱ्यानं त्याचं छप्पर उचललं ते थेट खाडीपलीकडे नेऊन ठेवलं. ज्याच्या शेतात ते पडलं त्यानं खाली मेंढ्या कोंडल्या आणि परत द्यायला साफ नकार दिला, असं छावणीत सांगतात. म्हणून अठरा अधिकारी आज बँडच्या तालमीच्या खोलीत, गुडघ्याला गुडघे लावून, मटणाचं सूप पीत होते.

सकाळी फिनले इस्त्री केलेला किल्ट, गणवेशाचा तो चुण्यांचा घागरा, आणायला गेला, तेव्हा इफीबाई तोंडात टाचण्या धरूनच म्हणाली होती, "कर्नलसाहेबांच्या नावाची धून ना आज? नीट वाजव रे मेल्या. बुधवारी तालमीत तिसऱ्या फेरीला सूर असा लावलास, वाटलं कुणी बोकडाच्या शेपटीवर पाय दिला."

"तुम्ही कात्री ठोकलीत की."

"ठोकू नको तर काय करू? कानात बोळे घालून मला शिवता येत नाही."

एकतीस वर्षं हेच चाललं होतं. फिनले बँडवर आला तेव्हा त्याला कागदावरचं संगीत वाचता येत नव्हतं. इफीबाईलाही नाही. पण तिचा आजा पाइपच्या जुन्या चाली तोंडानं म्हणायचा, 'हिन-ड्रो, हिन-ड्रो' करत, आणि त्या सगळ्या तिच्या कानात बसलेल्या. फिनले चुकला की ती भिंतीवर कात्री ठोकायची. टक्. तो मागे जाऊन तेवढं पुन्हा वाजवायचा. पहिल्या हिवाळ्यात तिनं इतक्यांदा ठोकलं की फळीला भोक पडलं, आणि त्यातून येणारा वारासुद्धा पुढे सुरात शिट्टी घालू लागला. मग हळूहळू टक् कमी झालं. फिनले बँडचा मुख्य झाला. पलटण म्हणू लागली, कान काय आहे या माणसाचा.

आज भिंत गप्प होती. पहिली फेरी गेली, दुसरी गेली. तिसऱ्या फेरीत ती बुधवारची जागा आली आणि गेली. फिनले कर्नलच्या खुर्चीशी थांबला, शेवटचा सूर तोडला आणि सलाम ठोकला.

पाइप-मेजरनं जाताना एक धून बांधायची आणि ती कर्नलच्या नावानं करायची, हा पलटणीचा रिवाज. कर्नल कॅरथर्सनी आपल्या दोन्ही बहिणींना तसं कळवूनही टाकलं होतं. त्यांच्या खिशात एक पत्र होतं. एडिंबरोच्या पाइपशाळेत फिनलेला शिक्षक म्हणून घ्यावं, अशी शिफारस. फक्त सही राहिली होती. ती झाली नाही, तर सोमवारपासून फिनलेला भावाच्या वखारीत हेरिंग मासे खारवायचे होते.

कर्नलनी दोन कानांच्या चांदीच्या वाटीत व्हिस्की ओतली, पण वाटी हातातच ठेवली. "धुनेचं नाव, पाइप-मेजर?" विचारताना त्यांची छाती पाइपच्या पिशवीसारखी फुगली होती.

फिनलेनं एकदा त्या खिशाकडे पाहिलं. एकदा भिंतीकडे.

"'इफी गिलँडर्सचे आभार', साहेब."

अठरा चमचे जागच्या जागी थांबले.

"हे कुठले जनरल?" एका जाड मेजरनं शेजाऱ्याला विचारलं.

"शिवणखोलीतल्या बाई आहेत, साहेब," फिनले म्हणाला. "मला वाजवायला त्यांनी शिकवलं."

"त्या पाइप वाजवतात?" कर्नलनी विचारलं.

"नाही साहेब. कात्री."

कर्नलनी मान खाली घातली. त्यांच्या स्वतःच्या मांडीवरच्या किल्टची एकही चुणी इकडची तिकडे झालेली नव्हती. त्यांनी कंबरपट्ट्यात बोट घालून पाहिलं.

"हा गेल्या महिन्यात कंबरेला आवळत होता," ते हळूच म्हणाले. "धुवायला टाकला आणि आपोआप सैल होऊन परत आला. मी कुणाला विचारलं नाही. मला कुणी सांगितलंही नाही."

त्यांनी खिशातून पत्र काढलं. फिनले हे 'कर्नल कॅरथर्स' या धुनेचे कर्ते, अशी त्यात ओळ होती. स्वतःच्या नावावर त्यांनी काट मारली, वर धुनेचं खरं नाव लिहिलं, खाली सही केली आणि पत्र फिनलेपुढे सरकवलं. मग उभे राहून दोन्ही हातांनी वाटी पुढे केली.

टक्.

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या.

"हे काय आता?" कर्नल म्हणाले.

"चूक झाली की वाजतं, साहेब."

"कुठे चुकलं?"

"नाव चुकलं म्हणतायत बाई."

टक्. टक् टक्. सुपाच्या वाट्या थरथरल्या.

फिनलेनं व्हिस्की एका दमात संपवली, रिवाजाप्रमाणे वाटी उलटी करून तिच्या बुडाचा मुका घेतला आणि ती टेबलावर ठेवली. पलीकडे कात्री वाजतच होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तो मागे गेला नाही.