पंधरावी सही

पावणेपाचला नोंदणी कार्यालयात तालमीच्या फुटबॉल संघाच्या चौदा सह्या झाल्या होत्या. नोंदणी पाचला बंद होणार होती. पंधरावा, म्हणजे गोलकीपर, मिळाला नाही तर संघ यंदा स्पर्धेबाहेर. जुने नऊ खेळाडू पलीकडच्या पेठेनं पळवले होते.

"बाहेर तुझा जुना कीपर उभा आहे," व्यवस्थापक सरनोबत प्रशिक्षकांना म्हणाले. "फायनलला भर मैदानात ज्याची जर्सी उतरवून घेतलीस, तो."

"त्याला मी बोलवू?"

"नाहीतर गोलात तू उभा राहा."

प्रशिक्षकांनी हाक मारल्यावर कीपर आत आला, त्यानं पेन उचललं. "सर, जर्सी मैदानातच परत द्या. सगळ्या पेठेसमोर."

"आधी सही कर."

"आधी जर्सी."

पाचला तीन मिनिटं असताना प्रशिक्षक एक नंबरची जर्सी घेऊन पेठ जमलेल्या समोरच्या मैदानाकडे धावत सुटले. कीपर हातात पेन घेऊन मागून चालत निघाला.