विहिरीचं शून्य

मौद्याकडच्या एका गावात कारखान्याच्या जमिनीखालच्या पाइपांत डांबरासारखं जाड तेल साचत होतं. ते पाइप धुऊन निघालेलं काळं पाणी पुन्हा नितळ करायचं, हे नागपूरच्या प्रयोगशाळेत कामिनीचं संशोधन. तेल मोजणाऱ्या यंत्राला आधी चांगलं पाणी दाखवून 'हे शून्य' असं शिकवावं लागतं. मग दुसऱ्या पाण्यात त्याहून किती जास्त तेल आहे, ते यंत्र सांगतं. कामिनीनं शून्यासाठी त्याच गावातल्या आपल्या घरच्या विहिरीचं पाणी घेतलं.

"तुमच्या नळाच्या पाण्यात डाळ तरी शिजते का वं?" म्हणत तिची माय सुभद्राबाई एसटीनं कॅन पाठवायची. विहिरीवर पाणी शेंदताना गायची,

"माझ्या विहिरीचं पाणी, जशी मायची नजर,
चांदनी वाकून पाहे, नीट करते पदर."

आज काळं पाणी गाळता गाळता यंत्रावर शून्य उमटलं. लॅबमध्ये पेढे वाटले गेले. कामिनीनं घरी फोन लावला.

"माय, जमलं. ते पाणी आता आपल्या विहिरीसारखं झालं."

"मंग, आपल्या विहिरीची सर कोनाले? तुह्या भाचीची घुटीबी मी त्याच पाण्यात उगाळून राहिली. घे, आइक."

फोन कानाशी धरूनच कामिनीनं यंत्र धुवायला त्यात डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे अगदी शुद्ध पाणी घातलं.



आकडा शून्याच्या खाली उतरला, आणि फोनमध्ये सहाणेवर घुटी उगाळल्याचा आवाज येत राहिला.