पहिलं गिऱ्हाईक

सम्यकानं नांदेडला घरातच कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली, तेव्हा पंचशीलानं लेकीला एकच गोष्ट बजावली होती, "पाटीवर नुसतं नाव टाक, आडनाव राहू दे."

पहिलं गिऱ्हाईक मागच्या गल्लीतले हरिओमकाका. चालू झालेला लॅपटॉप पाहून खूश झाले. "हात लई चांगला हाय पोरी तुझा. आडनाव काय म्हणलीस?"

पोरीनं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी काका उंबऱ्याबाहेरूनच बोलले, "घरी नेला अन् बंद पडला. कसली दुरुस्ती करून राहिलीस?"

पंचशीलाला वाटलं, पहिल्याच कामात पोरीचं नाव खराब होणार. सम्यकानं लॅपटॉप खोलला. कीबोर्डखाली ओल होती. तिनं वास घेतला आणि आईकडं पाहिलं.


"आई, ह्यांनी गोमूत्र शिंपडलंय."