काठीच्या मापाचे बूट

एडिथ मिलबर्नने बुटात कोपरापर्यंत हात घातला आणि आतली शिवण बोटांनी चाचपली.

"हा नको," ती म्हणाली. "टाचेपाशी शिवण वर आलीये. डोंगर चढेस्तोवर टाचेचं भरीत होईल."

दुकानदार हेडलीने तो गमबूट नाकारलेल्यांच्या ढिगावर टाकला. सकाळपासून ढीग वाढतच होता. "एडिथबाई, पाय कुणाचा आहे ते तरी सांगा. माणूस घेऊन या, लगेच माप घेतो."

"पायाचा मालक यायचा नाही. काठी आणलीये ना मी." तिने पिशवीतून सोललेली हेझलच्या झाडाची काठी काढली. टाचेपासून अंगठ्यापर्यंतच्या मापाला तोडलेली. "आणि वर बोटभर जागा सोड. आत जाड लोकरीचा मोजा जायचाय."

दाराशी तिची सून मॉरीन लाजेने लाल होऊन उभी होती. बूट कशासाठी हवेत ते तिला ठाऊक होतं. शनिवारी हाकाऱ्यांचा दिवस. हंगामभर जे काटेरी रानातून झुडपं झोडपत फेजंट पक्षी उठवतात, त्यांनी या एका दिवशी बंदूकवाल्याची जागा दाखवणाऱ्या खुंटाशी उभं राहून बंदूक चालवायची. आणि एरवी बंदुका चालवणाऱ्या साहेबलोकांनी रान तुडवायचं. एडिथ लग्न होऊन या खोऱ्यात आली तेव्हापासून हाका घालत होती. पण त्या दिवशी बायकांनी सूप ढवळायचं, असं कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलेलं. यंदा ती रानाचा रखवालदार नॉरमन डॉड याच्या दारात जाऊन उभी राहिली. मला खुंट हवा म्हणाली.

नॉरमनने टोपी काढून डोकं खाजवलं. "माझी ना नाही, एडिथबाई. पण रान तुडवायला साहेब मोजकेच. रांगेत एक माणूस कमी पडतोय, तो भरायचं तुमच्यावर. चालायला कुणी उभा करा, खुंट तुमचा."

ना म्हणायची ही गोड रीत. गावातल्या प्रत्येक चालत्या पायाला त्या दिवशी बंदूकच हवी असायची, हे नॉरमनला पक्कं माहीत होतं.

"आई," मॉरीन जवळ येऊन कुजबुजली, "बूट दिले म्हणून कुणी खुंट सोडून चालायला येणार आहे का? लोक हसतायत."

"हसू देत. थंडीत तेवढीच ऊब."

हेडलीने वरच्या फळीवरून हिरवे बूट काढले. बाजूला पितळी बक्कल, आत चामड्याचं अस्तर. "हे बघा. सगळे साहेब हेच नेतात. लोण्यासारखे मऊ."

एडिथने बुटाचा गळा मुडपला. घडीवर बारीक पांढऱ्या रेघा उमटल्या. तिने त्या हेडलीच्या नाकाखाली धरल्या. "आत्ताच म्हातारा झालाय हा. गाडीतून उतरायचं आणि गाडीत बसायचं, त्यांना ठीक. मला चालणारा बूट दे."

शेवटी तो मागच्या खोलीतून काळे बूट घेऊन आला. गोठ्यात शेण काढणारे घालतात तसले. एडिथने ते हुंगले. प्लास्टिकचा वास नव्हता, अस्सल रबराचा होता. घोट्याशी अरुंद होते. म्हणजे चिखलाने पाय धरला तरी बूट पायातच राहणार. तळव्याला खोल खाचा होत्या. काठी आत गेली आणि वर बरोबर बोटभर जागा उरली.

"बादली आण," ती म्हणाली.

"बादली कशाला?"

"पाण्यात बुडवून बघते. बुडबुडा आला तर बूट तुझा, नाही आला तर माझा."

बुडबुडा आला नाही. हेडलीने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत बूट पुसून बांधून दिले.

शनिवारी सकाळी वरच्या कुरणावर सगळे जमले. झुडपांवर दहिवर गोठलं होतं. एडिथ नवऱ्याच्या माघारी राहिलेली दुनळी बंदूक काखेत धरून आली. मॉरीन तिच्या मागे, खाली मान घालून. सुपाच्या डेगीशी उभ्या बायका बोलायच्या थांबल्या.

"कुठाय तुमचा माणूस?" नॉरमनने विचारलं. पाठीमागून कुणीतरी खुसखुसलं, "लग्न लावून आणताय की काय, एडिथबाई?"

"आणायला कशाला हवा? इथंच आहे."

ती तडक जीपपाशी गेली. जीपच्या पायरीवर कर्नल फेनिक चहा पीत बसले होते. रान त्यांचं, पक्षी त्यांचे, नॉरमनचा पगारही त्यांचाच. हाकाऱ्यांच्या दिवशी ते दरवर्षी इथंच बसायचे. त्यांची सबब पोराटोरांना पाठ होती: चाललो असतो हो आनंदाने, पण हे बूट रानात टिकायचे नाहीत.

एडिथने काळे बूट त्यांच्यासमोर गवतावर ठेवले.

"हे टिकतात, कर्नलसाहेब. मागच्या हाक्याला तुम्ही झाडामागे मोकळे व्हायला उतरलात ना, तिथं चिखलात पाऊल उमटलं होतं. बुटाची कड वजा धरून त्यावरून माप घेतलंय."

कर्नलसाहेबांनी नॉरमनकडे पाहिलं. नॉरमन आभाळाकडे बघत होता. बाकीच्यांनाही आभाळात बरंच काही दिसायला लागलं. डेगीशी एक बाई हसली, मग दुसरी.

कर्नलसाहेबांनी चहा खाली ठेवला. हिरवे बूट ओढून काढले, काळे चढवले. उभे राहिले, पाय आपटून पाहिले. बूट बसले होते.

"बसले की हो," ते म्हणाले. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं असावं.

"बसणारच." एडिथने दुनळी उघडून दोन काडतुसं घातली आणि खुंटाकडे वळली. "आता काटेरी झुडपांत मधोमध शिरा, साहेब. कडेकडेनं चाललात तर पक्षी उठत नाहीत, आणि मी रिकाम्या हातानं घरी जाणार नाहीये."