काठावरचा ठोका

"आज तूच वाजवणार ना?" निकानोरने दारातूनच विचारलं.

"मी नाही तर कोण, तुझा आजोबा?" लिओकादिओ आपल्या किंतो ढोलाचं कातडं बोटांनी चाचपत म्हणाला.

"मग झालं तर," म्हणत निकानोर शीळ घालत पुढे गेला. वय सदुसष्ट, पण कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, तिरकी टोपी. स्वारी भलतीच खुशीत होती.

क्यूबातल्या मातान्सासला आमच्या चाळीच्या अंगणात दर रविवारी जेवणं उरकली की ढोलांवर रुंबा नाच रंगतो. अकरा वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी निकानोरने लिओकादिओच्या बहिणीला, युफेमियाला, मागणी घातली होती. ती विधवा, तो विधुर, कुणाची ना नव्हती. पण युफेमिया कसली सरळ हो म्हणतेय! सगळ्यांदेखत कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ग्वाग्वांकोत मला एकदा पकडून दाखव. दुसऱ्या दिवशी लग्नाला उभी राहते."

ग्वाग्वांको म्हणजे रुंब्यातला लपंडाव. पुरुषाने नाचता नाचता एकदम हात नाहीतर रुमाल बाईच्या घागऱ्याकडे झटकायचा, आणि तिने त्याच क्षणी घोळ ओढून स्वतःला झाकायचं. झाकलं नाही की सापडली. अकरा वर्षांत युफेमिया एकदाही सापडली नव्हती. का, ते एकट्या लिओकादिओला ठाऊक होतं.

किंतो हा सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत तोंडाळ ढोल, तो नाचणाऱ्याच्या पायांशी बोलतो. निकानोर हात झटकणार असला की आधी त्याचा डावा खांदा जरासा खाली जायचा. तो गेला रे गेला, की लिओकादिओ ढोलाच्या काठावर एक कोरडा ठोका द्यायचा. ठोका पडला की युफेमियाचे हात आपोआप घागऱ्यावर. का ते तिलाही कळत नसावं.

आता हा उपद्व्याप कशासाठी? सरळ सांगायचं तर पोटासाठी. युफेमियाच्या हातचा काळ्या घेवड्याचा भात, लसूण घातलेला कसावा! बहीण लग्न करून गेली तर आयतं ताट कोण वाढणार? पहिल्या रविवारी गंमत म्हणून केलं, मग अंगवळणीच पडलं.

मध्ये एकदा लिओकादिओला ताप आला, तर निकानोर त्या रविवारी नाचलाच नाही. "दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा भरवसा नाही," म्हणाला. ते ऐकून लिओकादिओला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आणि या मंगळवारी युफेमियाने पेटीतला पिवळा घागरा काढून उन्हात घातला.

"या रविवारी शेवटचं रे बाबा. गुडघे बोंबलतात. मग हा भाचीला देऊन टाकीन."

"आणि निकानोर?"

"नसेल त्याच्या नशिबात. आणि माझ्याही." ती हसत म्हणाली, पण घागऱ्यावरून तिचा हात कितीतरी वेळ फिरत राहिला.

त्या दिवशी लिओकादिओला घास उतरेना. सख्ख्या बहिणीचं वाटोळं केलं आपण, तेही ताटभर भातासाठी! त्याने मनाशी ठरवूनच टाकलं. उकडलेली अंडी खाऊन दिवस काढीन, पण या रविवारी ठोका नाही.

अंगण भरलं. गाणं म्हणणाऱ्या ओब्दुलियाबाईंनी गेलेल्या माणसांसाठी रमचे चार थेंब जमिनीवर सांडले आणि निकानोरकडे वळून डोळे वटारले.

"आज तरी पकड रे! पायांना गंज चढला की काय?"

"पकडतो की. घाई काय आहे?"

"अकरा वर्षं झाली मेल्या, आणि म्हणे घाई काय!"

सगळे खो खो हसले. लाकडी टिपऱ्यांनी ताल धरला, मोठे ढोल खालून घुमू लागले आणि युफेमिया घागऱ्याची टोकं चिमटीत धरून नाचायला उतरली. गुडघे बोंबलतात म्हणे! निम्म्या वयाच्या पोरींनी बघत राहावं अशी ती फिरत होती. निकानोर तिच्याभोवती घिरट्या घालत होता, कधी टोपी सावरत, कधी उगाच लंगडत. किंतो दोघांची थट्टा करत होता.

निकानोरचा डावा खांदा खाली गेला.

लिओकादिओचा हात उठला, आणि तसाच वर राहिला.

रुमाल सपकन सुटला. युफेमियाच्या घागऱ्याचा घोळ दोन्हीकडे पसरलेलाच होता.

मग ओब्दुलियाबाई किंचाळल्या, "सापडली! अगं बाई, सापडली!" आणि चाळ दणाणली. कुणी पत्रे बडवले, कुणी टोप्या उडवल्या. युफेमियाने तोंडावर हात ठेवला, आणि मग इतकी हसली की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"उद्या दहा वाजता, लग्नाच्या कचेरीत," तिने निकानोरला बजावलं. "दाढी करून ये."

लिओकादिओचेही डोळे भरले. इतकं हलकं त्याला अकरा वर्षांत वाटलं नव्हतं. अंडी तर अंडी!

तेवढ्यात निकानोर गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने लिओकादिओला गच्च मिठी मारली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. निकानोरचा शर्ट घामाने चिंब झाला होता. त्याने लिओकादिओच्या कानाला तोंड लावलं.

"मेव्हण्या, ठोका का नाही दिलास? अकरा वर्षं त्याच्याच भरवशावर तर बिनघोर रुमाल झटकत होतो मी!"