काट्यांपलीकडचा माग

लॉकडाऊन लागला तशी गावाने डोंगराची वाट बाभळीच्या काट्या टाकून बंद केली. राखणीला सहादेव बसायचा. रोज संध्याकाळी तो काट्यांपलीकडच्या फुफाट्यावर फांदी ओढून माती सपाट करायचा. चोरून कोणी वर गेलंच, तर सकाळी माग दिसावा.

त्या वाटेने मी आणि जॉय सायकली चढवायचो. वाट बंद झाली त्याच्या आदल्या दिवशी जॉयने माझा चिरलेला टायर जाड दोऱ्याने शिवून दिला होता. मागच्या आठवड्यात तो दवाखान्यातच गेला. नगरलाच माती झाली. मला जाता आलं नाही.

आज सकाळी सहादेवने मला बोलावून घेतलं.

“स्टीफन सर, बंदी हाय ठावं असून वर जाता व्हय?”

“मी सायकल घराबाहेर काढलेली नाही, सहादेव.”

त्याने पलीकडे बोट दाखवलं. सपाट मातीवरून टायरचा ताजा माग वर गेला होता. परतीचा नव्हता. काट्या जागच्या हलल्या नव्हत्या.

“मागच्या आठवड्यापासनं रोज सकाळी एकच माग हुता,” तो हळू आवाजात म्हणाला. “आज दोन हायेत.”

मी वाकून पाहिलं. दोन्ही माग शेजारी शेजारी चढत गेले होते. दुसऱ्या मागात, थोड्या थोड्या अंतराने, दोऱ्याचे टाके उमटले होते.